उत्तर आले नाही तर?
निरोपांच्या रांगा आणि संदर्भ क्रमांक यांचा इतिहास

शाळेच्या कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र पाठवायचे झाले की लिपिक आधी जावक नोंदवहीत त्याची नोंद करतो, पत्रावर क्रमांक घालतो, स्थळप्रत फाइलला लावतो आणि मगच पत्र शिपायाच्या हाती देतो. पुढे उत्तर येते तेव्हा त्याच्या माथ्यावर 'संदर्भ : आपले पत्र जा. क्र. अमुक, दिनांक तमुक' अशी ओळ असते. आठ-दहा पत्रांची उत्तरे एकाच टपालाने उलटसुलट क्रमाने आली, तरी कोणते उत्तर कोणत्या पत्राचे हे या ओळीमुळे लगेच कळते. बरेच दिवस उत्तर आले नाही, तर जुन्या पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र जाते.

ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही विचार असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण एका आज्ञावलीने दुसरीकडे काही मागावे आणि त्याचे उत्तर बिनचूक मिळवावे, हे कसे साधावे या प्रश्नावर संगणकतज्ज्ञांनी निदान साठच्या दशकाच्या अखेरीपासून डोके खाजवले आहे. त्यांना जी उत्तरे सापडली ती या दोन नोंदवह्यांच्या फार जवळची आहेत. त्या शोधाची ही हकिकत आहे.

दूरध्वनी आणि टपाल

मागणी करणाऱ्या आज्ञावलीला क्लायंट आणि ती पुरवणारीला सर्व्हर म्हणतात. या दोघींचे बोलणे दोन तऱ्हांनी होऊ शकते. पहिली तऱ्हा दूरध्वनीसारखी. दोन्ही टोकांना माणूस एकाच वेळी हजर हवा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याने कानाला रिसीव्हर लावून उभे राहायचे. दुसरी तऱ्हा टपालासारखी. निरोप लिहून पेटीत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचे. समोरचा सवडीने पेटी उघडील, आलेल्या क्रमाने एकेक निरोप काढील आणि उत्तर आपल्या पेटीत टाकील. संगणकाच्या भाषेत या पेटीला निरोपांची रांग म्हणतात.

रांगेचा फायदा उघड आहे. सर्व्हर क्षणभर बंद असला किंवा एकदम शेकडो मागण्या आल्या, तरी निरोप रांगेत थांबतात, वाया जात नाहीत. पण फायद्याबरोबर एक अडचणही येते. उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? तीन शक्यता संभवतात. मागणी पोहोचलीच नसेल. पोहोचली असेल, पण अजून रांगेत पडून असेल. किंवा काम पुरे झाले असेल आणि उत्तर वाटेत हरवले असेल. क्लायंटच्या बाजूने पाहिले तर तिन्ही शक्यता अगदी सारख्या दिसतात. तिन्हींत दिसते एवढेच, की आपली पेटी रिकामी आहे.

मग पुन्हा विचारावे का? 'सातवीच्या वर्गाचा पट किती?' असा प्रश्न दोनदा विचारल्याने काही बिघडत नाही. पण 'माझ्या खात्यातून पाचशे रुपये काढून अमक्याच्या खात्यात भरा' ही मागणी दोनदा गेली, तर पाचशेचे हजार होतात. पुन्हा केली तरी फरक पडत नाही अशी मागणी आणि पुन्हा केली तर घात होतो अशी मागणी, हा भेद पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

कोपनहेगनची चार कामे

डेन्मार्कमध्ये 'रेग्नेसेंट्रालेन' नावाची संगणक कंपनी होती. तिने तयार केलेला आरसी ४००० हा संगणक कारखान्यांतील प्रक्रियांवर देखरेख ठेवण्यासाठीही वापरला जाई. पोलंडमधील पुवावी येथील खत कारखान्यात तो या कामासाठी बसवला होता. अशा संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू ठेवावी लागतात. एक आज्ञावली तापमान वाचते, दुसरी छपाईयंत्र चालवते, तिसरी हिशेब करते. या सर्वांनी एकमेकींशी बोलायचे कसे?

पेर ब्रिंच हान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये या संगणकासाठी एक नवी कार्यप्रणाली तयार केली आणि १९७० मध्ये ब्रिंच हान्सेन यांनी तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रणालीच्या मध्यभागी एक लहानसा गाभा होता. आज्ञावलींनी एकमेकींच्या स्मृतीत हात घालायचा नाही. जे काही बोलायचे ते गाभ्यामार्फत, निरोप पाठवून. त्यासाठी गाभ्याने चारच मूलभूत क्रिया दिल्या होत्या : निरोप पाठवणे, निरोपाची वाट पाहणे, उत्तर पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे.

या चार क्रियांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. क्लायंटने निरोप पाठवला की गाभा सामाईक साठ्यातून एक मोकळा कप्पा घेई, त्यात निरोपाची नक्कल करी आणि तो कप्पा सर्व्हरच्या रांगेत लावी. क्लायंटला त्या कप्प्याची ओळख मिळे आणि ती लगेच पुढच्या कामाला लागे. सर्व्हर आपल्या रांगेतून निरोप उचली, काम करी आणि उत्तर त्याच कप्प्यात भरून परत करी. क्लायंटला उत्तर हवे असेल तेव्हा ती 'या कप्प्यातील उत्तराची वाट पाहते' असे सांगे. म्हणजे कप्पा हाच जावक क्रमांक आणि कप्पा हाच संदर्भ. एका क्लायंटने पाच मागण्या पाठवल्या आणि उत्तरे कोणत्याही क्रमाने आली, तरी घोटाळा होत नसे.

आणखी दोन गोष्टी त्यात होत्या. निरोप कोणाकडून आला हे पाठवणारी सांगत नसे, गाभा स्वतः लिही. त्यामुळे दुसरीच्या नावाने निरोप पाठवता येत नसे. सर्व्हरलाही उत्तर देता येई ते फक्त आपल्याला खरोखर मिळालेल्या आणि अजून अनुत्तरित असलेल्या निरोपाला. दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. अस्तित्वातच नसलेल्या आज्ञावलीला निरोप गेला, तर गाभा स्वतःच एक कोरे उत्तर तयार करून परत पाठवी. वाट पाहणारी क्लायंट जन्मभर वाट पाहत राहू नये, याची ही तजवीज होती.

अडचणी होत्याच. कप्प्यांचा साठा मर्यादित होता. एखादी आज्ञावली भराभर निरोप पाठवत सुटली आणि उत्तरे घेईच ना, तर साठा संपून सर्वांचेच बोलणे खुंटे. म्हणून एका आज्ञावलीने एका वेळी किती निरोप पाठवावेत, याला मर्यादा घालावी लागली. रांग कितीही मोठी केली तरी अनंत नसते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

गाव एक नसते तेव्हा

आरसी ४००० मध्ये क्लायंट, सर्व्हर आणि गाभा ही तिन्ही एकाच यंत्रात राहत होती. गावही एक आणि पोस्टमास्तरही एक. कोण आहे आणि कोण नाही हे पोस्टमास्तरला पक्के ठाऊक, म्हणूनच त्याला कोरे उत्तर पाठवता येई.

एकाच यंत्रातील रांगांची ही परंपरा पुढेही चालू राहिली. १९८३ मध्ये आलेल्या युनिक्स सिस्टीम व्ही या कार्यप्रणालीत निरोपांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक निरोपावर 'प्रकार' म्हणून एक अंक लिहिण्याची सोय होती. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तिचा छान उपयोग करून घेतला. सर्व्हरकडे जाणाऱ्या सर्व मागण्यांवर एक हा अंक घालायचा आणि उत्तरावर मागणी करणाऱ्या क्लायंटचा स्वतःचा प्रक्रिया क्रमांक. रांग एकच, पण प्रत्येक क्लायंट तिच्यातून फक्त आपल्या अंकाचे निरोप उचली.

मध्यंतरी संगणक एकमेकांना तारांनी जोडले जाऊ लागले होते आणि चित्र पालटले. आता क्लायंट एका यंत्रात, सर्व्हर दुसऱ्या यंत्रात. मधली तार तुटू शकते, दोहोंपैकी एका यंत्राची वीज जाऊ शकते, आणि पलीकडे काय झाले हे सांगणारा सर्वज्ञ पोस्टमास्तर आता कोणीच नाही.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांनी दूरध्वनीची तऱ्हा निवडली होती. दूरच्या यंत्रातील काम जणू आपल्याच आज्ञावलीतील एखादा भाग असावे, इतक्या सहजतेने करून घ्यायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. प्रत्येक मागणीला त्यांनी क्रमांक दिला होता. उत्तर आले नाही की तोच क्रमांक घालून मागणी पुन्हा जाई, आणि हा क्रमांक आपण आधीच हाताळला आहे हे सर्व्हरला ओळखता येई. पण त्यांनी दिलेली हमी मोठी प्रामाणिक होती. उत्तर मिळाले, तर काम नेमके एकदा झाले असे समजा. उत्तराऐवजी बिघाडाची सूचना आली, तर काम एकदा झाले असेल किंवा झालेच नसेल. यापलीकडे काही सांगता येत नाही.

पैशांच्या व्यवहारात हे 'असेल किंवा नसेल' कसे चालणार?

क्लायंटची जावक नोंदवही

या प्रश्नाला सरळ हात घालणारा निबंध १९९० मध्ये आला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील फिलिप बर्नस्टाइन, मेइचुन शू आणि ब्रूस मान यांनी तो लिहिला होता. त्यांनी टपालाची तऱ्हा घेतली, पण रांगा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत न ठेवता चकतीवर ठेवल्या, म्हणजे वीज गेली तरी निरोप टिकून राहतील.

सर्व्हरची बाजू त्यामुळे बरीच सोपी झाली. रांगेतून मागणी उचलणे, खात्यात फेरफार करणे आणि उत्तर रांगेत टाकणे, या तीन क्रिया मिळून एकच व्यवहार समजायचा. तिन्ही होतील किंवा एकही होणार नाही. मध्येच यंत्र बंद पडले, तर खात्यातील अर्धवट फेरफार पुसला जातो आणि मागणी आपोआप रांगेत परत जाते.

खरी कसोटी होती ती क्लायंटची. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की क्लायंटला काहीच आठवत नाही. आपण मागणी पाठवली होती का? उत्तर आले होते का? आलेल्या उत्तरानुसार काम केले होते का? निबंधातील उपाय असा होता. प्रत्येक मागणीला क्लायंटने क्रमांक द्यायचा. त्या क्लायंटने शेवटी पाठवलेल्या मागणीचा क्रमांक आणि तिला मिळालेल्या शेवटच्या उत्तराचा क्रमांक, हे दोन्ही रांग सांभाळणाऱ्या यंत्रणेने कायम जपून ठेवायचे. बंद पडलेली क्लायंट पुन्हा जोडली गेली की यंत्रणा तिला हे दोन क्रमांक सांगते. पुढचे काम म्हणजे साधी तुलना :

१. पाठवायची मागणी शेवटच्या पाठवलेल्या क्रमांकात दिसत नसेल, तर ती गेलीच नव्हती. आता पाठवावी.
२. पाठवलेल्याचा क्रमांक आहे, पण उत्तराचा क्रमांक मागे आहे, तर मागणी पोहोचली आहे. पुन्हा पाठवू नये, उत्तराची वाट पाहावी.
३. दोन्ही क्रमांक सारखे असतील, तर उत्तर मिळाले होते. त्यावर काम झाले नसेल तर तेच उत्तर पुन्हा मागून घ्यावे.

तिसऱ्या पायरीत एक गोम आहे. समजा, क्लायंट म्हणजे बँकेचे पैसे देणारे यंत्र आहे. 'पाचशे रुपये द्या' हे उत्तर आले आणि त्याच क्षणी वीज गेली. नोटा बाहेर पडल्या होत्या की नव्हत्या? बाहेर पडलेली नोट खोडरबराने पुसता येत नाही. यावर तोडगा असा की किती नोटा दिल्या हे मोजणारा आकडा यंत्रातच असावा. उत्तर स्वीकारतानाच तो आकडा उत्तराच्या नोंदीसोबत लिहून ठेवायचा. वीज आल्यावर यंत्रातील आकडा वाचायचा. तो नोंदीइतकाच असेल तर नोटा दिल्या गेल्या नाहीत, पुढे सरकला असेल तर दिल्या गेल्या. आपला लिपिक पत्र रवाना करण्याआधी स्थळप्रत ठेवतो, तेच हे तत्त्व. आधी नोंद, मग कृती.

संदर्भाची ओळ सार्वत्रिक झाली

१९९३ मध्ये आयबीएमने एमक्यूसिरीज नावाची आज्ञावली-संहिता बाजारात आणली आणि निरोपांच्या रांगा बँका, विमा कंपन्या व विमान कंपन्यांच्या रोजच्या वापरात रुळू लागल्या. तिच्यातील प्रत्येक निरोपाला एक शीर्षपत्र असे. त्यात निरोपाचा स्वतःचा चोवीस बाइटांचा क्रमांक, उत्तर कोणत्या रांगेत पाठवावे तिचे नाव, निरोप किती वेळाने बाद समजावा याची मुदत आणि तेवढ्याच लांबीचा संदर्भ क्रमांक अशा जागा होत्या. संकेत असा की सर्व्हरने मागणीचा क्रमांक उत्तराच्या संदर्भाच्या जागी उतरवायचा. क्लायंट मग 'या संदर्भाचे उत्तर द्या, अमुक सेकंद थांबेन' असे रांगेला सांगे. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पत्रावरील संदर्भाची ओळ ती हीच.

क्लायंट लिहिणारे नवशिके येथे एका खड्ड्यात हमखास पडत. मागणी पाठवणे हा एखाद्या व्यवहाराचा भाग केला, तर तो व्यवहार पक्का होईपर्यंत निरोप रांगेत दिसतच नाही. नवशिका मात्र पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे, दोन्ही एकाच व्यवहारात घाली. पत्र खिशात ठेवून उत्तरासाठी टपालपेटीशी उभे राहण्याचाच हा प्रकार. उत्तर येणार कोठून? म्हणून पाठवण्याचा व्यवहार आधी पक्का करायचा, उत्तर घेण्याचा व्यवहार वेगळा ठेवायचा.

पुढे सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये जावा भाषेसाठी निरोपांची मानक पद्धत ठरवली. तीत उत्तराचा पत्ता आणि संदर्भ क्रमांक या दोन्ही जागा होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रांगांना एकमेकींशी बोलता यावे, यासाठी जे. पी. मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओहारा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या कामातून एएमक्यूपी हा संकेत तयार झाला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही याच दोन जागा आल्या. त्यावर आधारलेले रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आले. गंमत अशी की ते अर्लांग या भाषेत लिहिले आहे. या भाषेला ज्यांचे नाव मिळाले, त्या आग्नेर क्रारूप अर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करत रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९०९ चा. ब्रिंच हान्सेन यांच्या साठ वर्षे आधी, त्याच देशात, रांगेचा विचार सुरू झाला होता.

आपल्या खिशातील क्लायंट

या इतिहासाचा धागा मुंबईशीही जुळतो. येथे मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यूपीआय सेवेचे उद्घाटन ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत झाले. किराणा दुकानात आपण पैसे पाठवतो तेव्हा मागणी आणि उत्तर हे दोन स्वतंत्र निरोप असतात. मागणी मिळताच समोरची यंत्रणा फक्त पोच देते आणि प्रत्यक्ष उत्तर नंतर वेगळ्या निरोपाने येते. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, आणि उत्तर लांबले तर त्याच क्रमांकाची चौकशी करणारा वेगळा निरोपही ठरवलेला आहे.

पडद्यावर कधीकधी 'प्रलंबित' असा शब्द येतो. आता वाचकांच्या लक्षात येईल की ही यंत्रणेची टाळाटाळ नव्हे. 'तीनपैकी कोणती शक्यता खरी, हे मला अजून माहीत नाही' अशी ती प्रामाणिक कबुली आहे. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवले तर नवा क्रमांक पडतो, आणि नवा क्रमांक म्हणजे नवी मागणी. जुन्या पत्राचा संदर्भ न देता पाठवलेले पत्र स्मरणपत्र ठरत नाही, ते दुसरे पत्र ठरते. म्हणून थांबून जुन्याच व्यवहाराची स्थिती पाहणे शहाणपणाचे.

तरीही काही पैसे मध्येच अडकतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने पैसे पाठवताना आपल्या खात्यातून रक्कम गेली पण समोरच्याला मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हावी आणि त्यापुढील विलंबाला दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम झाला. १९८४ च्या निबंधातील 'असेल किंवा नसेल' या संशयाला अशी कायद्याची मुदत आणि किंमतही ठरली.

वर्गात करून पाहा

हे सर्व एका तासात, संगणकाशिवाय दाखवता येते. चार मुले क्लायंट, एक मूल सर्व्हर, एक मूल पोस्टमन. सर्व्हरजवळ फळ्यावर चौघांची खाती, सुरुवातीस प्रत्येकी शून्य. प्रत्येक क्लायंटने 'माझ्या खात्यात दहा मिळवा' अशा पाच मागण्या चिठ्ठीने पाठवायच्या आणि प्रत्येकीचे 'झाले' असे उत्तर मिळवायचे. पोस्टमनच्या कानात आधीच सांगून ठेवावे, की अधूनमधून एखादी चिठ्ठी, मग ती मागणी असो की उत्तर, गुपचूप खिशात घालायची.

पहिल्या फेरीत चिठ्ठीवर नाव असू द्यावे, क्रमांक नको. उत्तर आले नाही की मुले पुन्हा चिठ्ठी पाठवतील आणि कोणाच्या ना कोणाच्या खात्यात पन्नासाऐवजी साठ-सत्तर जमा होतील. दुसऱ्या फेरीत क्लायंटनी जावक नोंदवही ठेवावी, चिठ्ठीवर क्रमांक घालावा आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक वापरावा. सर्व्हरला मात्र अजून नोंदवही देऊ नये. हिशेब तरीही चुकेल. तिसऱ्या फेरीत सर्व्हरलाही आवक नोंदवही द्यावी. हाताळलेला क्रमांक पुन्हा आला तर बेरीज न करता फक्त 'झाले' हे उत्तर पुन्हा द्यायचे. या फेरीत पोस्टमनने कितीही चिठ्ठ्या लपवल्या, तरी मुलांनी चिकाटी सोडली नाही तर चारही खात्यांत पन्नासच येतील.

दुसरी फेरी वगळू नये. क्रमांक नुसता घालून भागत नाही, तो दोन्ही टोकांना जपावा लागतो, हे मुलांना त्याच फेरीत उमगते. पोस्टमन तिन्ही फेऱ्यांत सारखाच बेभरवशाचा होता. तो सुधारल्यामुळे हिशेब जुळला नाही. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापली नोंद नीट ठेवली, म्हणून तो जुळला.